आधी अक्षरं

शिवणवर्गाच्या साहेबांनी मी शिवलेला ब्लाऊज सगळ्या बायकांपुढे उंच धरला. शिलाईला कापडच सोडलेलं नाही, गळा पार खाली उतरलेला. बायका हसल्या. साहेब माझ्याकडे वळले. "ह्या बहिरीला कुणी पाठवलं इथं?" माझ्याकडे तोंड करून बोललेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य. म्हणून तर कळलं.

लहानपणी तापात माझे कान गेले. बोलता येतं, वाचता येतं, समोरच्याचे ओठ कळतात. नव्वदच्या दशकात मी कुंडलहून एसटीनं कडेगावला शिवणकामाच्या वर्गाला जायची. पास होईल तिला शिलाई मशीन मिळणार होतं. मला ते हवंच होतं. भावजयीच्या हातचं मुकाट गिळून वीट आला होता.

शिकवायला टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेट. पडद्यावर नुसते हात आणि कात्री. कापड किती सोडायचं ते कॅसेटमधली बाई तोंडानं सांगायची, आणि तिचं तोंड कधी दिसायचंच नाही. शेजारची शालन माझ्याकडे वळून ओठांनी सांगायची. कुजबूज नको म्हणून साहेबांनी तिला उठवून मागे बसवलं. मधल्या सुट्टीत विचारलं की ती म्हणायची, "मग सांगते." ते 'मग' एसटी सुटेपर्यंत यायचं नाही. लय राग यायचा.

ब्लाऊज माझ्या अंगावर टाकून साहेबांनी पुन्हा कॅसेट लावली. मी उठले आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"आता कापा. साहेब, तुमीबी कापा."

सगळ्यांची तोंडं हलायला लागली. कात्र्या हलल्या नाहीत. शालन पुढे आली. "आगं, आवाज सोड. आमाला काय कळंना झालंय."

"मग मला कवा कळत हुतं?"

साहेबांनी दाराकडे बोट केलं. "बाहेर हो. मशीन विसर आता."

तरी बटणावरचा हात मी काढला नाही. "आदी मापं फळ्यावर लिवा. मग आवाज."

कुणी लिहिलं नाही. शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. मशीन गेलं ते गेलंच.

आता भाची मोबाइलवर व्हिडिओ बघून हसते. काय म्हणतोय विचारलं की तिचंही तेच. "मग सांगते." मी मोबाइल काढून घेते, आवाज बंद करते. खाली बोलण्याची अक्षरं नसतील तिथं मी गप्प बसून बघणार नाही. तुम्हालाही बघू देणार नाही.