मॅडमचा खड्डा

"पाण्याले विचारलं का?" असं म्हणत मॅडम समोरच्याच्या हातातला नकाशा बाजूला सारायच्या आणि चपलेच्या टोकानं मातीत रेघ ओढायच्या. समोर ग्रामसेवक असो, सरपंच असो की त्यांचा स्वतःचा नवरा असो. नवऱ्यानं एकदा अंगणात तुळशीवृंदावन कुठं बांधायचं एवढंच विचारलं होतं, तर त्यालाही हाच प्रश्न आला, असं तो माझ्या दुकानात बसून सांगायचा.

गोसीखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं आणि आम्हाला या नव्या गावठाणात आणून टाकलं. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट आणि मधोमध 'उद्यानासाठी राखीव' म्हणून सोडलेली मोकळी जागा. त्या जागेसमोर माझं किराणा दुकान आहे. जागेत झाड म्हणून नव्हतं. म्हशी बसायच्या, लग्नाचे मांडव पडायचे. मॅडम इथल्या जिल्हा परिषद शाळेत बदलून आल्या, त्या मूळच्या अड्याळकडच्या. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की इथं बाग करायची. पोरांना खेळता यावं आणि खेळता खेळता झाड, पाणी, किडामुंगी कळावी अशी बाग.

मला हसू आलं, मग रागही आला. मॅडम माझ्या दुकानात येऊन पाण्याचं ते वाक्य बोलल्या आणि माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, पाण्यानं आमाले विचारलं होतं का? अख्खं गाव गिळलं त्यानं!"

मॅडमनं हातातली पिशवी खाली ठेवली. "पाण्याले काहून शिव्या देता भाऊ? पाणी तर आपल्या उतारानं जाते. विचारायचं होतं ते माणसांनी. त्यांनी नाही विचारलं."

मी त्यांची पिशवी उचलून फळीवर ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूचा.

त्यांची बाग करायची पद्धत तुम्ही पाहिली असती तर तुम्हीही माझ्यासारखेच पायरीवर बसून राहिले असते. घराघरातून चुलीची राख गोळा केली आणि पोरांकडून जमिनीवर पूर्ण आकाराची बाग आखून घेतली. इथं झुला, इथं लपाछपीची झुडपं, इथं म्हाताऱ्यांचा ओटा. मग म्हणाल्या, "आता खेळा. झुला आहे असं समजून खेळा." पोरं खेळली. जिथून ती धावली तिथली राख पुसली गेली, आणि मॅडम म्हणाल्या, पायवाट इथंच. म्हाताऱ्यांनी ओटा झुडपांकडे तोंड करून नको म्हटलं, रस्त्याकडे करून पाहिजे. एसटीतून कोण उतरते ते दिसलं पाहिजे ना! मॅडम चिडल्या, पण राखेचा ओटा फिरवला.

आणि एक कोपरा खोलगट होता. पावसाचं पाणी आपणहून तिथंच यायचं. मॅडमनं तिथं रेघ ओढली नाही, नुसतं बोट दाखवलं. लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. गावकऱ्यांनी श्रमदानानं तिथं छोटीशी बोडी खोदली. तिला सगळे 'मॅडमचा खड्डा' म्हणायला लागले. पावसाळ्यात बोडी भरली. बेडूक आले, चतुर आले, एक बगळाही येऊन उभा राहायला लागला. पोरांच्या कागदी होड्या चालू झाल्या. शाळेचा अर्धा वर्ग तिथंच भरायचा.

आता पुढची गंमत आमच्याच माणसांना सुचू शकते. शेवंताबाई म्हणून आमच्याकडची एक बाई आहे. तिची शेती धरणात गेली, ती कोंढ्याकडे मजुरीनं धानाच्या रोवणीला जायची. एका सकाळी तिथून उरलेले धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, तिनं पदरात आणले आणि बोडीच्या काठच्या चिखलात लावून टाकले. पोरं रडत मॅडमकडे. मॅडम तणतणत आल्या.

"शेवंताबाई, ही बाग आहे का तुमची धानाची बांधी?"

शेवंताबाई चिखलात उभी. तिनं मान खाली घातली. "काय करू बाई, उभं पाणी दिसलं. हात आयकतच नाही."

मॅडमनं तिच्या चिखलानं माखलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी साडी खोचली आणि पोरांना हाक मारली, "या रे सगळे. आजचा धडा चिखलात."

आमच्या पोरांनी धान पाहिलं होतं ते पोत्यातलं. ती गुडघाभर चिखलात रोवणी करायला लागली. संध्याकाळी त्यांच्या आया भांडायला आल्या, कपडे काय करून आणले म्हणून. भांडता भांडता एकीचं लक्ष वाकड्या ओळीकडे गेलं. "असं लावतात का वो?" म्हणून ती उतरली, मग दुसरी उतरली. धरणानंतर त्या बायांना मी पहिल्यांदा रोवणीची गाणी म्हणताना ऐकलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मला दिसलं नाही.

आणि मग आमच्या भल्यासाठी वरून उद्यान मंजूर होऊन आलं.

नकाशा तयारच होता. कोणत्या गावासाठी काढला होता देव जाणे. त्यात पेव्हर ब्लॉक होते, व्यायामाची लोखंडी यंत्रं होती, सिमेंटचं हरीण होतं. बोडी नव्हती. पाहणीला आलेल्या साहेबांनी धान पाहिलं आणि त्यांना आयतंच कारण सापडलं. उद्यानाच्या जागेवर शेती, म्हणजे अतिक्रमण! गावातलेच काही शहाणे शेवंताबाईवर उलटले, तुझ्यामुळं झालं म्हणाले. मॅडम तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तिनं लावलं, पण शिकवलं मी. अतिक्रमण माझ्या नावानं लिहा."

"मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, समजून घ्या. नकाशात खड्डा नाही."

"नकाशात नसन. पाण्याले विचारलं का?"

साहेब हसले. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे, आणि आजही माझी मूठ वळते.

धान पोटरीवर आलं होतं. चार दिवस थांबले असते तर लोंब बाहेर पडली असती. नाही थांबले. शाळा भरलेली असताना जेसीबी आला आणि ट्रकभर मुरूम बोडीत ओतला. बेडूक रस्त्यावर उड्या मारत आले आणि चाकांखाली गेले. पोरं खिडकीला लटकून ओरडत होती. मॅडम हातात खडू तसाच घेऊन पळत आल्या, ड्रायव्हरला भिडल्या, सरपंचाला फोन लावला. सरपंचानं उचलला नाही. मी दुकान टाकून धावलो, शिव्या घातल्या, एक दगडही उचलला. मॅडमनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "पोरं पाहून राहिले, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि वर्गात परत गेल्या.

आता ते उद्यान बघायला या तुम्ही. गेटला कुलूप असते, ते मोठा पाहुणा आला की निघते. आत 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे. तिच्या शेजारी 'निसर्ग वाचवा' अशी पाटी आहे. हरणाचं एक शिंग तुटलं. पोरं बाहेर रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि चेंडू आत गेला की मार खातात. हे म्हणे पोरांसाठी केलं! लाज वाटत नाही यांना.

मॅडम निवृत्त झाल्या आणि फार दिवस जगल्या नाहीत. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "कोपऱ्यात पाणी साचते का अजून?" साचते म्हटलं. ब्लॉक खचले म्हटलं. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की नर्सनं येऊन पाहिलं.

शोकसभा उद्यानातच झाली. कुलूप त्या दिवशी उघडलं होतं. ज्यानं फोन उचलला नव्हता तोच बोलायला उभा राहिला. मॅडम गावाच्या पर्यावरणमाता होत्या म्हणाला, आणि उद्यानाला त्यांचं नाव देऊ असं जाहीर करून टाकलं. टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, पण मी उठायच्या आत शेवंताबाई उठली.

"बाईचं नाव कायले लावता? बाईचा खड्डा वापस द्या ना."

कोणीतरी तिला खाली बसवलं आणि चहा वाटला.

फलक लागला. मॅडमच्या नावाचा, भला मोठा, लोखंडी पायांचा. लावायला जागा कोणती निवडली? तोच कोपरा. यंदाच्या पावसात ब्लॉक आणखी खचले, फलकाच्या पायांभोवती पाणी उभं राहिलं आणि फलक कलला. परवा सरपंच छत्री घेऊन माझ्या पायरीवर आला. समोर उद्यानात पोरं कुंपणावरून उड्या टाकून पाण्यात शिरली होती.

"अरे, हा फलक कुठं हलवावा? तू रोज समोर बसतोस, तुले माहीत असन."

मी तराजू खाली ठेवला. पायरी उतरलो आणि त्याच्यासमोरच्या चिखलात चपलेच्या टोकानं एक रेघ ओढली.

"पाण्याले विचारलं का?" मी एवढ्या जोरात ओरडलो की कुंपणापलीकडची पोरं खेळायची थांबली.