पडद्यावरच्या टेकड्या

मी एम.ए.ला असताना आमच्या भूगोल विभागात पहिल्यांदाच कॉम्प्युटर आले. सरांनी विचारलं, "यापूर्वी कोणी हाताळलाय?" एकही हात वर झाला नाही. "मग आपण लांबूनच दर्शन घ्या," सर कोरडेपणाने म्हणाले.

मी मराठी माध्यमातली, कात्रजहून बसने येणारी. तरी उठून म्हणाले, "सर, सायकलसुद्धा चालवल्याशिवाय येत नाही."

ते हसले आणि त्यांनी मला बसू दिलं. सुरुवातीला माउस हातात ठरेना. पण आठवडाभर रोज बसले आणि आमच्या कात्रजच्या टेकड्यांचा नकाशा पडद्यावर उतरवला. एक उंची चुकली होती, ती खोडरबराशिवाय क्षणात सुधारली. मागे सगळा वर्ग जमला होता.

"अहो, सरका आता," सर म्हणाले, "मलाही शिकवा."

ते बसले. माउस कसा धरायचा, इथपासून मी सुरुवात केली.