पानवेलीचा आडोसा

वलगावात कोणालाही विचारा, माळ्यांच्या मोठ्या सुनेची पानवेल कुठली? लहान पोरसुद्धा हात धरून दारात आणून सोडेल. त्या वेलीचं कौतुक सगळ्यांनी केलंय. पण तिची एक गोष्ट अशी आहे की ती माझ्या पोटातच राहिली. नवऱ्याला सांगितली नाही, लेकींनाही नाही. आज तुम्ही ओट्यावर निवांत बसलाच आहात, तर ऐका. फक्त मधेमधे चुकचुकू नका — मला ते खपत नाही.

आधी वेलीचंच सांगते. आणि टेचात सांगते, कारण ती लढाई मी जिंकलेली आहे.

मी बाळापूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासरचा मळा चांगला पिकत होता, भाजीपाला अमरावतीच्या बाजारात जात होता, खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं. नव्हता तो आडोसा. घरामागच्या परसात विहीर, विहिरीजवळ न्हाणीचा दगड, आणि बरोबर त्याच्यावर डोकावणारी पाटलाची माडी. खिडक्यांत सदा कोणी ना कोणी पान चघळत बसलेलं. बाईमाणसानं अंग धुवायचं तरी कसं हो? लुगड्यासकट तांब्या ओतायचा आणि निथळत घरात पळायचं. सासूला म्हटलं, तर ती म्हणाली, "आमी काय बिनआंघोयीच्या मेलो? तुलेच काहून इतली लाज?"

होती मला लाज. आणि लाजेपेक्षा राग जास्त होता.

पहिल्या वर्षी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड घातला. पाटलानं गडी पाठवून उपटून टाकला — माडीची हवा अडते म्हणे! मग तोंडलीचा वेल चढवला, तो त्याच्या बकऱ्यांनी फस्त केला. बकऱ्या काय आपल्या मनानं आल्या होत्या? पाटलाचा मुलगा नागपूरला वकील, त्याच्याशी कोण भांडणार? आणि नवरा माझा देवमाणूस — म्हणजे भांडणाच्या वेळी देवळात.

मग मीच डोकं चालवलं. अंजनगावकडे माझ्या मावशीचा पानमळा होता. पानमळ्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल — आत जोडा घालून कोणी जात नाही, आंघोळ केल्याशिवाय वेलीला हात लावत नाही, आणि तिच्यावर कुऱ्हाड चालवण्याची तर गोष्टच सोडा. पाटलाच्या अंगानं मी शेवरी आणि हदगा दाट लावला. ती झाडं डोक्याच्या वर गेली तशी त्यांच्या सावलीत मावशीकडच्या वेलीचं बेणं लावलं. घडेच्या घडे पाणी घातलं. वेल चढत गेली, पानाला पान भिडलं, आणि पुढच्या वर्षी पाटलाला खिडकीतून नुसतं हिरवं दिसायला लागलं.

आला गडी कुऱ्हाड घेऊन. मी विहिरीवर उभीच होते. त्यानं वेल पाहिली, पायातला जोडा काढला, कुऱ्हाड खाली ठेवली आणि चक्क हात जोडले! तिथूनच माडीकडे तोंड करून ओरडला, "पाटील, थे पानवेल हाय! मी नाई तोडत, बाप्पा!" वरची खिडकी धाडकन लागली. अहाहा! त्या दिवशी मी केस सोडून, घंगाळभर पाणी घेऊन, ओव्या म्हणत न्हाले. आणि पहिली कोवळी पानं कोणाकडे पाठवली असतील? पाटलाच्याच घरी. म्हटलं खा बाबा, माझी भिंत चघळत बस.

आता इथून पुढं — थांबा, घोटभर पाणी पिते.

जी रीत मी पाटलावर उगारली, ती माझ्यावरही उलटेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा पानवेलीवर पडू देत नाहीत. सासूनं लगेच सांगून टाकलं की चार दिवस परसात पाऊल टाकायचं नाही. अंग धुवायचं ते गोठ्याकडे, रस्त्याच्या बाजूला. म्हणजे बघा, ज्या दिवसांत बाईला आडोसा सगळ्यात जास्त हवा, नेमकी त्याच दिवसांत मी उघड्यावर! आणि वेल लावली कोणी? मी!

मी गेले. दुपारी सगळे मळ्यात गेले की गुपचूप वेलीआड शिरायचे. पहिल्यांदा न्हाऊन आले. दुसऱ्या दिवशी एकेक पान उलटून पाहिलं — काळं पडलं का, करपलं का? कशाचं काय! पुढल्या महिन्यात पुन्हा गेले, मग दर महिन्याला. वेल आपली फोफावत होती. मी मनातल्या मनात हसायचे — देवाला नाही, सासूला.

पुढं धाकट्या दिराचं लग्न झालं आणि यशोदा घरात आली. कामाला वाघ, तोंडानं गरीब. त्याच हिवाळ्यात असं काही हिव पडलं की मळ्यातली वांगी जळाली, शेजारचा हरभरा जळाला. पानवेलही काळी पडली. वांगी जळाली ती थंडीनं, पण वेल जळाली ती विटाळानं — असं सासूचं म्हणणं. "कोन शिवलं माह्या येलीले?" म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. यशोदा तेव्हा बाहेरची होती, आणि सुटलेलं वासरू धरायला परसात धावली होती. वेलीला तिनं बोटही लावलं नव्हतं. सासूला तेवढं पुरलं.

आणि मी? मी तिथंच उभी होते. त्याच महिन्यात, त्याच दिवसांत मी वेलीखाली न्हाले होते. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? माझा जीव थोडाच गेला असता! माझा आडोसा गेला असता, बस. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. गप्प तरी कुठं — सासूनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान हलवली. होय, मीपण पाहिलं, अशी.

यशोदेला परस बंद झालं. चार दिवसांपुरतं नाही, बाराही महिने. ती गोठ्याकडे अंग धुवायची, दावणीला जुनं लुगडं बांधून. माडीवरची रिकामटेकडी माणसं आता रस्त्यावर येऊन बसायची. त्यांचं खाकरणं मला वेलीआडून ऐकू यायचं. मी आत, ती बाहेर. वेल तर मुळापासून पुन्हा फुटली होती, माझ्याच हातच्या पाण्यावर, त्या चार दिवसांतल्या पाण्यावरसुद्धा. खरं काय ते रोज माझ्या डोळ्यांसमोर हिरवंगार उभं होतं, आणि अशी कितीतरी वर्षं गेली.

सासू गेली, घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. तेरावं उरकलं तसं मी गावच्या बायांसमोर यशोदेचा हात धरला आणि तिला परसाच्या दाराशी नेलं. म्हटलं, "आजपासून या घरातली कोनतीबी बाई कोनत्याबी दिवशी इथं येईन. बाहेर बसनं बंद!" बाया हबकल्याच. एकीनं विचारलं, "अन् येल सुकली तं?" "सुकत नाई," मी म्हटलं, "मी सांगून राहिली न!" कशी ठासून बोलले! बोलणारच — सगळं पारखून झालेलं होतं. वेल सुकली नाही. काय छातीची बाई, म्हणून गावात नाव झालं. माझ्या वेलीचं बेणं कितीतरी घरांत गेलं, आडोसे झाले, पोरी बाराही महिने मोकळ्या मनानं न्हायला लागल्या. हे मी केलं. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

पण त्या दिवशी मी आणखी एक वाक्य बोलले. दाराशी यशोदा अडखळली, तिचं पाऊल उचलेना. तेव्हा सगळ्यांदेखत मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "ये वं माय. झालं गेलं. मी तुले माफ केलं."

माफ केलं! मी — तिला!

ती ढसाढसा रडली. वाकून तिनं माझे पाय धरले. मी धरू दिले.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अजून सांगते, "मोठीबाईचं मन लय मोठं. माह्या हातून येल गेली, तरी बाईनं मले पदरात घेतलं." तिला अजूनही वाटतं की तिनंच ती वेल मारली. रोज सकाळी न्हाऊन झालं की ती वेलीचं कोवळं पान खुडते, त्याला चुना लावते, कात घालते, आणि विडा करून आधी माझ्या हातात देते.

मी खाते.