आरूचा घास

माझी पत्नी छातीत दुखायचं निमित्त होऊन गेली, आणि तिच्यामागे आमच्या नातीने, आरूने, जेवण सोडलं. आरू तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. तिला दिसत नव्हतं, मान धरता येत नव्हती, बोलणं तर नव्हतंच. अधूनमधून झटके यायचे. तिचे आईबाप ऊसतोडीला जात, त्यामुळे ती जन्मापासून आजीच्याच मांडीवर होती. तेरवी झाली, मुकादमाची गाडी आली, मुलगा आणि सून डोळे पुसत निघून गेले. मागे मी आणि आरू उरलो.

मी घास लावला की ती तोंड घट्ट मिटायची. बळजबरी केली की ठसका लागून निळी पडायची. रोज हरिपाठाला बसणारा मी, पण त्या दिवसांत देवळावरून जाणंही टाळू लागलो. जन्मभर ज्याचं नाव घेतलं त्याला एका आंधळ्या लेकराची भूक दिसत नसेल, तर त्याच्याशी बोलायचं तरी काय?

रिसोडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर अकोल्याला नेऊन नळी घालावी लागेल. तरी खात्री देता येत नाही." मी तिला खांद्यावर घेऊन स्टँडवर आलो. आमच्या गावची, केनवडची गाडी लागायची होती. बाकावर बसून, रागानेच, मी मनात म्हटलं, "एक तर हिला घेऊन जा, नाहीतर मला भरवायला शिकव."

शेजारी एक बाई येऊन बसल्या. आरूकडे पाहत म्हणाल्या, "जेवते का बाबा हे?" मी सगळं सांगून टाकलं. अशाच लेकरांच्या घरी जाऊन घरच्यांशी बोलायचं त्यांचं काम होतं. मला वाटलं, आता या शिकवतील. त्यांनी मलाच विचारलं.

"आजी कशी भरवे हिले?"

"मले काय मालूम, बाई. मी त कधी पाह्यलंच नाही. मी आपला ओसरीत."

"मंग ओसरीत आयकू काय ये?"

मला आठवायला बराच वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही. आधी वाटी जमिनीवर टेकल्याचा आवाज यायचा. मग ती म्हणायची, "आरू, घास आला वं." आणि मग काहीच नाही. पुष्कळ वेळ काहीच नाही.

"तवा काय करत असन आजी?"

"वाट पाहत असन," मी म्हणालो.

घरी येऊन वरणभात मऊ कालवला. आरूला छातीशी टेकवून बसवलं, वाटी टेकवली, तेच शब्द म्हटले आणि थांबलो. हात सारखा पुढे जाऊ पाहत होता. तो आवरून धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिचे ओठ जरासे सुटले. घास उतरताना तिच्या गळ्याची हालचाल माझ्या बोटांना लागली. तिला तसंच धरून मी रडलो.

बाई नंतर घरी येत राहिल्या. उपदेश कधी केला नाही. "आज काय येगळं दिसलं, बाबा?" एवढंच विचारायच्या, आणि त्यांना सांगता यावं म्हणून मी आरूकडे नीट पाहू लागलो. आवडलं की ती श्वास रोखते, नको असलं की अंगठा मुठीत घेते, हे मला कळू लागलं.

पण ती कधी बसली नाही, बोलली नाही. झटके वाढतच गेले. पुढच्या हिवाळ्यात तापाने ती माझ्या मांडीवरच गेली. सून ऊसतोडीवरून आली, आरूच्या कपड्यांवरून हात फिरवत म्हणाली, "मामाजी, देवानं काय देलं आपल्याले?" मी तिच्याजवळ बसून त्या कपड्यांच्या घड्या घालू लागलो.

त्या बाकावर बाई तेव्हाच कशा आल्या, हे मी कुणाला पटवून देत नाही. देवाशी आता मी कमी बोलतो. नाव घेतो आणि गप्प बसतो. जायच्या दिवशी सकाळी आरूने माझ्या हातून पेजेचे दोन घास घेतले होते. ती उपाशी गेली नाही. माझ्याकडे सोपवलेलं तेवढंच होतं. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी. मी हात जोडतो.