आम्हां दोघींचा फोटो

माघातल्या त्या सकाळी घोड नदीकडून येणाऱ्या गार वाऱ्याला रसायनांचा गोडसर, घशात चरचरणारा दर्प होता. कारखान्याने ओढ्यात पुन्हा पाणी सोडले, हे मला अंथरुणातच उमगले. याच ओढ्याने माझ्या मैत्रिणीची, शमीमची, विहीर तांबूस करून टाकली होती. तेव्हापासून शिलाईचे मशीन झाकून ठेवून ती आणि शाळेतून निवृत्त झालेली मी, अशा आम्ही दोघी काठाकाठाने हिंडत बाटल्यांत पाणी भरत होतो, प्रदूषण मंडळाचे जिने चढत होतो. शिरूरच्या स्टँडपासून थेट मंडळाच्या दारापर्यंत एक पांढरी गाडी आमच्या एसटीमागे सावलीसारखी येई.

त्या दिवशी गाडीतला माणूसच माझ्या ओसरीवर आला. शमीम शेजारीच बसली होती. कोवळ्या उन्हात त्याने एकेक फोटो मांडला: ओढ्यावर आम्ही, मंडळाच्या दारात आम्ही, आणि शेवटी शाळेच्या फाटकाशी उभी माझी नात.

"बाई, काळजी वाटते म्हणून सांगतो," तो अदबीने म्हणाला. "लेकरं एकटीच येतात-जातात हल्ली."

शमीमने नातीचा फोटो उचलून ओढणीआड धरला आणि ओढ्यावरचा एक आपल्याकडे ओढला.

"ह्यो बी ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं संगं हाय, पर बाईंचा आन् माझा एकबी फोटो न्हाई. आन् पोरीला उद्यापासनं शाळेत मी सोडणार. तवा माझा फोटो काढा, नीट समोरून."

उरलेले फोटो गोळा करून तो निघून गेला. आम्ही तडक पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. शमीम रोज नातीचे बोट धरून शाळेत जाऊ लागली. गाडी काही दिवस दिसली, मग दिसेनाशी झाली. पाणी मात्र अजून अधूनमधून सुटते, मंडळापुढची सुनावणी लांबते, आणि आम्ही बाटल्या भरतो.

तो फोटो माझ्या टेबलावर आहे. निसरड्या उतारावर मी पुढे, कशाला तरी खळखळून हसणारी; आणि मागे शमीम, माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर हात धरून, मी घसरलेच तर सावरायला. इतक्या वर्षांत हा हात मला कधी जाणवला नव्हता.

हल्ली त्या उतारावर पाय टाकताना मी मागे वळून पाहत नाही. शमीमला हे अजून सांगितलेले नाही.