नुसती फुलं, नुसतं पाणी

झारिया शहरातल्या कॉलेजच्या फाटकाशी असाबे बावीस वर्षं झोबो विकत होती, लाल अंबाडीची फुलं उकळून केलेलं गार सरबत. "नुसती फुलं, नुसतं पाणी!" ही तिची हाळी. त्याच सरबतावर तिची लेक लुबाबा आत शिकत होती.

लुबाबा त्याच फुलांच्या रंगाने वीज करू पाहत होती. काचेवर पांढरा लेप द्यायचा, तो रंगात बुडवायचा, उन्हात धरायचा, की मीटरचा काटा हलतो. छपरावरच्या पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त. मागच्या महिन्यात रंग तिने स्वतः काढला होता, तेव्हा आकडे चांगले आले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र आईला म्हणाली, "इन्ना, काचा करण्यातच माझा दिवस जाणार. रंग तू उकळशील? फक्त फुलं घाल हं."

"आता तू मला शिकवणार होय गं?"

दुसऱ्या दिवशी जादा रंग काढायला काचा धुतल्या, तर रंग सगळा वाहून गेला. काटा जागचा हलेना. तिचे सर, मालम झुबेरू, सर्वांसमोर म्हणाले, "मग मागचे आकडे कुठून आले? घरी बसून लिहिलेस? सोमवारपर्यंत सांग, नाहीतर नाव काढून टाकतो."

लुबाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

चूक कुणाची, ते असाबेला ठाऊक होतं. साखर महागल्यापासून आंबटपणा मारायला ती उकळीत चिमूटभर खार, सोड्यासारखा, टाकी. खाराने रंग काळवंडे, म्हणून वर बाजारातली लाल पूड. त्या दिवशीही हात सवयीनेच गेला होता. पूड तर जरा जास्तच घातली होती. लेकीचा रंग कसा उठून दिसला पाहिजे!

सोमवारी ती फुलं नि पातेलं घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. आत सगळी तिचीच गिऱ्हाइकं.

"मालम, लबाडी माझी आहे. पोरीची नाही." तिने खार सांगितला, पूड सांगितली.

"तरीच जीभ संध्याकाळपर्यंत लाल राहायची!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. मालम हसले नाहीत. रोजचा एक पेला त्यांचाही असे. त्यांनी शेगडीकडे बोट दाखवलं. "खारानं फुलांचा रंग मारला, पूड काचेला धरलीच नाही. आता उकळा. इथंच, आमच्यासमोर."

तिने उकळलं. सगळे तिच्या हातांकडे पाहत होते.

दुपारी काच खिडकीतल्या उन्हात धरली आणि काटा हलला. मालमनी वहीत सही केली. लुबाबाने आईचं पातेलं विसळलं. परत देण्याआधी तिने नकळत आत वाकून पाहिलं, तळाशी काही राहिलंय का.

असाबेने ते पाहिलं, आणि मान खाली घातली.