व्याह्यांची नडगी

मुलीच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना मी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना लाथ मारली.

(मारत होतो चेंडूला. पण हे स्पष्टीकरण मांडवात कोण ऐकून घेणार?)

धायरीच्या मैदानावर आम्ही साठी उलटलेली मंडळी चालत फुटबॉल खेळतो. पळायचं नाही, हा मुख्य नियम. पळालात की शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना. त्या रविवारी आमचे व्याही तात्याही आले. मूळचे धायरीचे शेतकरी, गडी माझ्या दुप्पट. ते नेमके विरुद्ध संघात गेले. बाकावर बसलेल्या बायकोने मला आधीच बजावलं होतं, की वरपक्ष आहे, जपून खेळा.

मी इतका जपून खेळलो, की चेंडू आमच्या दोघांच्या मध्ये आला तेव्हा मी हात जोडून थांबलो. म्हटलं, आपण घ्या. ते म्हणाले, छ्या, तुमी घ्या पाव्हणं. असं चार वेळा झालं. बाकीचे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे!

शेवटी पंच असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका कडाडल्या, "अहो, चेंडू आहे तो. श्रीखंडाची वाटी नाही."

मी ओशाळलो आणि मारला. त्याच क्षणी तात्यांनीही माझा मान राखायचा म्हणून पाय पुढे केला. चेंडू जागेवरच राहिला. माझा बूट त्यांच्या नडगीवर बसला आणि तात्या मटकन खाली बसले.

बायको एवढंच म्हणाली, "पत्रिका वाटून झाल्यात."

मी बर्फाच्या पिशवीकडे धूम ठोकली. लगेच शिट्टी. "पळालात! फ्री किक त्यांना."

हे ऐकताच तात्या नडगी चोळत उठले. "म्हंजी चेंडू आमचा?" असं विचारून त्यांनी शांतपणे गोल मारला. माझा जीव भांड्यात पडला. आमच्यावर झालेल्या गोलला सर्वांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. आमचा कप्तान त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

लग्न निर्विघ्न पार पडलं. जेवणाच्या वेळी तात्या प्रत्येक पाहुण्याला माझ्यापाशी आणत होते आणि ओळख करून देत होते.

"ह्ये आमचं व्याही. लई शिकल्याली मानसं हायती. सध्या चालायला शिकत्यात."

मी प्रत्येकाला हात जोडले. पाय तेवढे खुर्चीखाली ओढून घेतले.